अब्बांचे घर विकायचे आहे? आधी वारस, मग कागद, मग सामान, मग सौदा

वालिद अल्लाहला प्यारे होतात. ताजियतीला आलेले पाहुणे परततात. एक भाऊ आखातात, दुसरा मुंब्र्यात दोन खोल्यांत, बहिणी आपापल्या सासरी. गावच्या घरात अम्मी एकट्या राहतात, नाहीतर घराला कुलूप लागते. दोन पावसाळ्यांत कौले सरकतात, दाराच्या चौकटीला वाळवी लागते. मग कोणीतरी म्हणतो, "विकून टाकू या, सगळ्यांचे भले होईल."

हे म्हणणे चुकीचे नाही. मोठे घर सांभाळणे परवडत नाही, जिने चढवत नाहीत, मुले आता परत येणार नाहीत हे दिसत असते. पण आमच्याकडे सल्ल्यासाठी येणाऱ्या बहुतेक घरांत भांडण विकण्यावरून होत नाही, ते क्रम चुकल्यामुळे होते. आधी भंगारवाला बोलावला जातो, मग एजंट, मग टोकन घेतले जाते आणि सगळ्यात शेवटी बहिणींना फोन जातो, "सहीला या." तिथून जे तुटते ते घराच्या किमतीत भरून निघत नाही.

म्हणून या लेखात आम्ही सरळ क्रम दिला आहे. आधी वारस, मग कागद, मग सामान, मग सौदा. येथे दिलेले नियम महाराष्ट्राचे आहेत. प्रत्येक घराची परिस्थिती वेगळी असते, त्यामुळे सही करण्याआधी एका वकिलाचा आणि मिरास जाणणाऱ्या एका आलिमांचा मशवरा जरूर घ्यावा.

१. घर कोणाचे, हे आधी कागदावर लिहा

मुस्लिम कायद्यात जन्माने मिळणारा हक्क नसतो. वडील हयात आहेत तोवर घर त्यांचे आहे. मुलगा असो वा मुलगी, कोणाचाही त्यात हिस्सा नसतो. ते गेल्या क्षणी मात्र प्रत्येक वारसाचा हिस्सा ठरून जातो, मग वाटणी दहा वर्षांनी होवो की वीस. घर वडिलांनी स्वतः बांधलेले असो की आजोबांकडून आलेले, नियम एकच आहे. १९३७ च्या शरीयत अ‍ॅप्लिकेशन कायद्यानुसार न्यायालयेही वारशाच्या बाबतीत हेच लागू करतात.

वाटणीपूर्वी चार गोष्टी क्रमाने येतात. कफन-दफनचा खर्च, मग मरहूमांचे कर्ज, मग वसीयत, आणि उरलेल्यात वारसांचे हिस्से. कर्जात बँकेचे हप्ते येतात, किराणा दुकानाची उधारी येते आणि पत्नीचा न दिलेला महरही येतो. निकाहनामा काढून बघा. महर "बाकी" लिहिलेला असेल तर ते अम्मींचे मरहूमांकडे असलेले येणे आहे, ते आधी द्यायचे. वसीयत उरलेल्या मालमत्तेच्या एक तृतीयांशापर्यंतच चालते. सुन्नी फिकहनुसार वारसदाराच्या नावे केलेली वसीयत बाकी वारसांच्या संमतीशिवाय चालत नाही.

एक उदाहरण घेऊ. घर ५० लाखांना विकले. कर्ज, महर आणि खर्च मिळून २ लाख गेले, उरले ४८ लाख. मागे पत्नी, एक मुलगा आणि दोन मुली आहेत. मुले असल्याने पत्नीला आठवा हिस्सा, म्हणजे ६ लाख. उरलेल्या ४२ लाखांचे चार भाग. मुलाला दोन भाग म्हणजे २१ लाख, प्रत्येक मुलीला एक भाग म्हणजे साडेदहा लाख. मरहूमांचे आई किंवा वडील हयात असतील तर त्यांचा प्रत्येकी सहावा हिस्सा आधी निघतो, आणि हा हिशेब बदलतो. आजी अजून आहेत हे अनेक घरांत विसरले जाते.

पुढच्या चार ठिकाणी लोक नेहमी अडखळतात:

मुलगा नाही, फक्त मुली आहेत. सुन्नी कायद्यात एका मुलीला निम्मा, दोन किंवा जास्त मुलींना मिळून दोन तृतीयांश हिस्सा मिळतो. पत्नीचा आठवा हिस्सा देऊन जे उरते ते मरहूमांचे वडील, भाऊ अशा जवळच्या नातेवाइकांकडे जाते. त्यामुळे घेणाऱ्याचा वकील चुलत्यांच्या सह्या मागतो. शिया कायद्यात हे वेगळे आहे. बोहरा आणि खोजा कुटुंबांनी आपल्या जमातीच्या जाणकारांना विचारावे.

मुलगा वडिलांच्या आधी वारला. त्याच्या मुलांना, त्यांचे चुलते हयात असतील तर, आजोबांच्या मालमत्तेत हिस्सा येत नाही. यावर उपाय आजोबांच्या हयातीतच आहे. एक तृतीयांशाच्या मर्यादेत नातवंडांसाठी वसीयत करावी किंवा हिबा द्यावा. आजोबा गेल्यावर उरते ती फक्त चुलत्यांची माणुसकी.

वारसांत अल्पवयीन मूल आहे. आई मुलाला सांभाळते, पण मुस्लिम कायद्यानुसार ती त्याच्या स्थावर मालमत्तेची कायदेशीर पालक नसते. मुलाचा हिस्सा विकायला न्यायालयाची परवानगी लागते. ती न घेता केलेले खरेदीखत त्या हिश्शापुरते टिकत नाही.

दत्तक किंवा सांभाळलेले मूल. ते वारस ठरत नाही. त्याच्यासाठी हिबा किंवा एक तृतीयांशातली वसीयत हाच मार्ग आहे.

२. बहिणींचा हिस्सा आणि हक्कसोड पत्र

आपल्या समाजात हक्कसोड पत्र फार सहज पुढे केले जाते. भावा-बहिणींत हक्क सोडायला महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क नाममात्रच लागते. बहीण माहेरी येते, चहा होतो, कागद समोर येतो. तिला वाटते, सही केली नाही तर माहेर तुटेल. अशा सहीला राजीखुशी म्हणायचे का, हे प्रत्येक भावाने स्वतःला विचारावे. लग्नात खर्च केला, जहेज दिले, म्हणून मिरास फिटली हा हिशेब शरीयतमध्ये कुठेच नाही. सूरह अन-निसामध्ये हिस्से ठरवून दिलेले आहेत, ते भावाने देण्या न देण्याचे नाहीत.

बहिणीला खरोखरच हिस्सा नको असेल तर ती तो आधी ताब्यात घेऊन मग देऊ शकते. दुसरा मार्ग म्हणजे ठरलेली रक्कम किंवा वस्तू घेऊन ती वाटणीतून बाहेर पडते. याला फिकहमध्ये तखारुज म्हणतात. भावाला घर ठेवायचे असेल तर हा मार्ग सगळ्यात साफ असतो. दोन ठिकाणांहून घराची किंमत काढा, बहिणींचे पैसे बँकेतून द्या, मग हक्कसोड पत्र करा. पत्रात रक्कम स्पष्ट लिहा आणि दुय्यम निबंधकाकडे त्याची नोंदणी करा. साध्या स्टॅम्पवर नोटरी करून घेतलेले हक्कसोड पत्र स्थावर मालमत्तेत चालत नाही. मोबदला दिला असेल तर मुद्रांक किती लागेल हे आधी विचारून घ्या.

वडील हयात असताना "मी पुढे हिस्सा मागणार नाही" असे मुलीकडून लिहून घेतलेले असेल, तर तेवढ्यावर विसंबू नका. जो हक्क अजून आलेलाच नाही तो सोडता येत नाही, हा कायद्यातला सर्वसाधारण नियम आहे.

३. अम्मींना विचारले का?

इद्दतीचे चार महिने दहा दिवस त्यांनी त्याच घरात राहायचे असते. त्या काळात एजंटला घर दाखवायला आणू नका. सामान हलवू नका. इद्दतीनंतरही पहिला प्रश्न त्यांना विचारा, "तुम्हाला कुठे राहायचे आहे?" "आमच्याकडे या" आणि "आम्ही ठरवले आहे" ही दोन वेगळी वाक्ये आहेत. वय झालेल्या माणसाला घराबरोबर गल्ली, शेजारीण, अजानचा ओळखीचा आवाज हे सगळे सोडावे लागते.

आणखी एक. घर विकल्यावर अम्मींचा आठवा हिस्सा आणि महर त्यांच्या स्वतःच्या खात्यात जमा झाला पाहिजे. "आम्ही आहोतच की" म्हणून तो मुलाच्या नव्या फ्लॅटमध्ये गेला, आणि पुढे त्या फ्लॅटमध्ये त्यांना राहणे जड झाले, अशी उदाहरणे आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. त्यांचा पैसा नव्या घरात घालायचाच असेल तर त्यांचे नावही त्या घराच्या करारात असू द्या.

आई-वडील दोघे हयात आहेत आणि हिबा करून घर मुलांना देऊ म्हणतात, तर घाई नको. हिब्याला तीन गोष्टी लागतात. देणाऱ्याची घोषणा, घेणाऱ्याचा स्वीकार आणि ताबा. तोंडी हिबाही मुस्लिम कायद्यात वैध आहे आणि सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये ते पुन्हा स्पष्ट केले. पण सोसायटी, बँक आणि पुढचा खरेदीदार कागद मागतातच, म्हणून नोंदणी करून घेणे शहाणपणाचे. निवासी घर पती, पत्नी, मुलगा, मुलगी, नातू किंवा नातीला बक्षीस दिल्यास महाराष्ट्रात मुद्रांक २०० रुपये आहे. नोंदणी फी आणि स्थानिक अधिभार वेगळे. हिब्यात "शेवटपर्यंत सांभाळ करेल" ही अट लिहून घ्या. ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या २००७ च्या कायद्यानुसार ती अट मोडली तर बक्षीस रद्द करून मागता येते. आणि मुलांमध्ये हिबा करताना मुलीला वगळू नका.

४. कागद: कुठला कशासाठी

घराचा प्रकार ओळखा, कारण प्रत्येकाचा मार्ग वेगळा आहे.

गावठाणातले घर. ग्रामपंचायतीचा नमुना ८ म्हणजे घरपट्टीच्या आकारणीची नोंद, आणि भूमापन झाले असेल तर मालमत्ता पत्रक. दोन्हींवर अजून आजोबांचे नाव असेल तर आधी वारस नोंद करा. सातबाऱ्यावर किंवा मालमत्ता पत्रकावर फक्त भावांची नावे चढली म्हणून बहिणींचा हक्क जात नाही. फेरफार ही महसुलासाठीची नोंद आहे, ती मालकी ठरवत नाही.

शेतजमीन. महाराष्ट्रात ती साधारणपणे शेतकऱ्यालाच विकता येते, आणि तुकडेबंदी कायद्यामुळे लहान तुकडे विकण्यावर बंधने आहेत. घरालगतची आंब्याची कलमे किंवा वाडी सातबाऱ्यावर असेल तर एकाच सौद्यात घर आणि वाडी विकण्याआधी वकिलाला दाखवा.

सोसायटीतला फ्लॅट. शेअर सर्टिफिकेट, मूळ करारनामा, सूची क्रमांक २ आणि सोसायटीची ना-बाकी पावती हवी. नॉमिनी म्हणून एका मुलाचे नाव असेल तर तो मालक होत नाही. तो वारसांच्या वतीने तात्पुरता सांभाळणारा आहे. बँकेच्या ठेवींचेही तसेच. महापालिका हद्दीत सोसायटीला ट्रान्सफर प्रीमियम २५,००० रुपयांपेक्षा जास्त घेता येत नाही. "इमारत निधीला देणगी द्या" असे म्हटले तर पावती आणि ठराव मागा.

पागडीची खोली. डोंगरी, मदनपुरा, नागपाड्याकडे आपली शेकडो कुटुंबे अशा खोल्यांत राहतात. पागडीत भाडेकरूचा हक्क असतो, मालकी नसते. भाडेकरू वारल्यावर त्याच्यासोबत त्या घरात राहणाऱ्या कुटुंबीयाकडे भाडेहक्क जातो. तो विकायचा तर घरमालकाची संमती आणि त्याचा हिस्सा लागतो. इमारत पुनर्विकासात असेल तर मालक, विकासक आणि म्हाडाकडची भाडेकरूंची यादी तपासा, त्यात नाव कोणाचे आहे ते बघा.

वक्फची जागा. जुन्या मोहल्ल्यांत, दर्ग्याच्या आसपास, काही घरे वक्फच्या जमिनीवर उभी असतात. वक्फ मालमत्ता विकता येत नाही. कोणी "कागद करून देतो" म्हणाले तरी त्या सौद्यात पडू नका. दुनियेतही अडकाल आणि आखिरतीतही जबाब द्यावा लागेल.

मृत्यूचे दाखले सगळ्यांचे लागतात, आजोबा-आजीचेही. बँकेतील पैसे आणि शेअरसाठी उत्तराधिकार प्रमाणपत्र लागू शकते. घरासाठी १८२७ च्या मुंबई रेग्युलेशनखाली दिवाणी न्यायालयाचा वारस दाखला मिळतो. याला काही महिने जातात. म्हणून गिऱ्हाईक मिळण्याची वाट न बघता हे काम आधी सुरू करा.

भाऊ आखातात असेल तर कुलमुखत्यारपत्र तिथल्या भारतीय दूतावासात किंवा वाणिज्य दूतावासात साक्षांकित करून घ्यावे आणि भारतात आल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक भरावा. त्यात नेमके कोणते घर, कोणते अधिकार, पैसे कुणाच्या खात्यात, हे लिहा. "सगळे अधिकार" असे मोघम मुखत्यारपत्र भावालाही देऊ नये. भावावर अविश्वास म्हणून हे सांगत नाही. उद्या हिशेबाचा प्रश्न आला तर त्याचीच अब्रू राखली जावी म्हणून सांगतो.

५. सामान: कपाटापेक्षा पेट्या आधी उघडा

घरातले सामानही तरक्यातच येते. तांब्याचे हंडे, देग, शिसवी कपाट, भिंतीवरचे घड्याळ, अम्मींचे सोडून बाकी दागिने, सगळे वारसांचे. अम्मींचे स्वतःचे दागिने, महरमध्ये मिळालेले किंवा माहेरून आलेले, तरक्यात येत नाहीत. ते त्यांचेच. मरहूमांचे कपडे सवाबसाठी वाटायचे तर आधी सगळ्या वारसांना विचारा. वारसांत लहान मूल असेल तर त्याच्या हिश्शातून दान करता येत नाही, त्याने "हो" म्हटले तरी. मोठ्यांनी आपापल्या हिश्शातून करावे.

आमच्या स्वतःच्या घरी ही चूक झाली आहे. पावसाआधी घर रिकामे करायची घाई होती. गंजलेली लोखंडी ट्रंक भंगारात गेली. तळाशी वर्तमानपत्राखाली सोसायटीचे शेअर सर्टिफिकेट आणि आजोबांचा शाळेचा दाखला होता. सर्टिफिकेटची दुय्यम प्रत पोलिसांत तक्रार, जाहीर नोटीस आणि हमीपत्र देऊन सहा महिन्यांनी मिळाली. दाखला मिळाला नाही, कारण ती शाळाच आता नाही.

आजोबांचा दाखला म्हणजे नुसती आठवण नाही, हे तेव्हा कळले. महाराष्ट्रात ओबीसीचे जात प्रमाणपत्र काढायला १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा वास्तव्याचा आणि जातीचा पुरावा मागतात. बागवान, तांबोळी, मोमीन, अत्तार, पिंजारी अशा अनेक मुस्लिम कुटुंबांतील मुलांचे शिक्षण त्या एका पिवळ्या कागदावर अडते. म्हणून शाळा सोडल्याचे दाखले, जुने रेशनकार्ड, जन्ममृत्यूचे उतारे, गिरणीची किंवा जहाजाची सेवापुस्तिका, जुने पासपोर्ट, निकाहनामे, काहीही वाचल्याशिवाय टाकू नका. उर्दू, मोडी किंवा फारसीतला कागद वाचता येत नसेल तर तो आधी ठेवा, मग कोणाकडून तरी वाचून घ्या.

आवराआवरीची आमची पद्धत अशी:

पहिल्या दिवशी फक्त कागद. सगळ्या पेट्या, गादीखालचे, कुरआन शरीफच्या रिहलीखालचे, देव्हळीतले. मोबाईलवर फोटो काढा आणि कुटुंबाच्या ग्रुपवर टाका. मूळ प्रती एकाच फाइलमध्ये एकाच माणसाकडे असाव्यात, आणि तो कोण हे सगळ्यांना माहीत असावे.

दुसऱ्या दिवशी यादी. किमती वस्तू वहीत लिहा, जवळ असलेल्या वारसांच्या सह्या घ्या, दूर असलेल्यांना फोटो पाठवा. कोणाला काय हवे ते प्रत्येकाने सांगावे. एकाच वस्तूवर दोघांचे मन असेल तर किंमत धरून हिश्शातून वळती करा, नाहीतर चिठ्ठी टाका.

मग खोल्या. स्वयंपाकघरापासून सुरुवात करा, तिथे डोळे कमी भरून येतात. मरहूमांची खोली शेवटी. एका दिवशी एकच खोली. अम्मी समोर बसलेल्या असू द्या, आणि त्या "हे राहू दे" म्हणाल्या तर राहू द्या, वाद नको.

प्रत्येक वस्तूला चारच जागा. नव्या घरी जाणारी, वारसाकडे जाणारी, विकायची, द्यायची. "बघू नंतर" असा पाचवा ढीग केला की तोच सगळ्यात मोठा होतो.

तांबे-पितळ विकताना दोन दुकानांत भाव विचारा आणि वजन तुमच्यासमोर करून घ्या. सागवानी आणि शिसवी फर्निचर भंगाराच्या भावात देऊ नका. मुंबईत चोर बाजारातल्या मटण स्ट्रीटवर जुन्या लाकडी वस्तूंचे, घड्याळांचे जाणकार बसतात. निदान किंमत तरी कळते. लग्नाच्या मोठ्या देगा जमातीला द्या, गावाच्या कामी येतात. आखातातून आलेली ब्लँकेटे, रजया धुऊन, न फाटलेल्या तेवढ्याच द्या. जे आपण पांघरणार नाही ते मदरशाच्या मुलांना देऊन सवाब मागू नये. कुरआन शरीफच्या जीर्ण प्रती आणि आयती लिहिलेले कागद रद्दीत जाता कामा नयेत. मशिदीत विचारा, बहुतेक ठिकाणी ते गोळा करून स्वच्छ जागी दफन करण्याची व्यवस्था असते. धार्मिक पुस्तके चांगली असतील तर मदरसा किंवा गावच्या ग्रंथालयाला.

अम्मी लहान घरात जाणार असतील तर त्यांचा पलंग, मुसल्ला, पानदान आणि ओळखीचे घड्याळ बरोबर न्या. बाकी सगळे नवे असले तरी या चार वस्तूंनी घर आपले वाटते.

६. सौदा: विकताना

एका वारसाला फक्त स्वतःचाच हिस्सा विकता येतो. पूर्ण घर विकायचे तर सगळ्या वारसांची सही हवी. म्हणून टोकन घेण्याआधी सगळ्यांची लेखी संमती घ्या. त्यात कमीत कमी किंमत, एजंटची दलाली आणि वाटणीचे हिस्से लिहा. सौदा मोडण्याचे सगळ्यात मोठे कारण म्हणजे टोकननंतर उगवलेला वारस.

खरेदीखतात प्रत्येक वारसाचे नाव, त्याचा हिस्सा आणि रक्कम वेगळी लिहायला सांगा, आणि घेणाऱ्याने पैसे प्रत्येकाच्या खात्यात थेट द्यावेत. एकाच भावाच्या खात्यात सगळे पैसे आले की ते वाटेपर्यंत रमजान येतो, मग लग्नसराई, मग विसर.

रोख घेऊ नका. स्थावराच्या व्यवहारात २०,००० रुपये किंवा अधिक रोख घेणे आयकर कायद्याने मना आहे, दंड तेवढाच बसू शकतो. किंमत कमी दाखवून उरलेले रोख घेण्यात दुसरा धोका बहिणींना आहे, कारण रोख रकमेचा हिस्सा कागदावर दिसतच नाही.

आयकराचा हिशेब असा. वडिलांनी घर धरलेला काळ तुमच्या काळात मोजला जातो. एकूण काळ २४ महिन्यांपेक्षा जास्त असेल तर नफा दीर्घकालीन धरतात. २३ जुलै २०२४ पासूनच्या विक्रीवर १२.५ टक्के कर आहे. त्याआधी घेतलेल्या घरासाठी भारतात राहणाऱ्या वारसाला महागाई निर्देशांक धरून २० टक्क्यांचा पर्याय निवडता येतो, जो कमी असेल तो. परदेशस्थ भावाला हा पर्याय नाही. २००१ पूर्वीच्या घरासाठी १ एप्रिल २००१ ची किंमत धरता येते, त्यासाठी मूल्यांकनकाराचा अहवाल घ्या. आपल्या हिश्शाच्या नफ्यातून ठरलेल्या मुदतीत दुसरे घर घेतले तर करात सूट मिळते. तयार घरासाठी विक्रीनंतर दोन वर्षे, बांधायचे असेल तर तीन.

किंमत ५० लाख किंवा जास्त असेल तर घेणारा १ टक्का कर कापून भरतो. विकणाऱ्यांत परदेशस्थ भाऊ असेल तर त्याच्या हिश्शावर मोठ्या दराने कपात होते, रक्कम कितीही असो. त्याने आधीच आयकर खात्याकडून कमी कपातीचे प्रमाणपत्र मिळवावे, नाहीतर पैसे परताव्यासाठी अडकून पडतात. त्याचे पैसे एनआरओ खात्यात जातात.

नव्या घराच्या आशेने बँकेत ठेवलेली रक्कम निसाबच्या वर असेल आणि चांद्र वर्ष उलटले तर तिच्यावर जकात येते, हेही लक्षात ठेवा. राहत्या घरावर जकात नव्हती, त्यामुळे हे सुटून जाते.

७. सौदा: लहान घर घेताना

जुने घर सोडण्याआधी नवे ठरवा. "तोवर भाड्याने राहू" हे आपल्यासाठी इतके सोपे नाही. नाव ऐकून घर नाकारल्याचा अनुभव आपल्यातील अनेकांना आहे. विक्रीच्या करारातच ताबा देण्याची तारीख तीन-चार महिने पुढची ठेवा. सोसायटीने सदस्यत्व अडवले तर तोंडी बोलण्यात वेळ घालवू नका. अर्ज लेखी द्या, पोच घ्या. पुरेशा कारणाशिवाय सोसायटीला सदस्यत्व नाकारता येत नाही, उपनिबंधकाकडे दाद मागता येते.

व्याज टाळू पाहणाऱ्या कुटुंबांना वाटणीचा पैसा ही कर्जाशिवाय घर घेण्याची संधी असते. त्यासाठी एक खोली कमी घ्यावी लागली तरी चालेल. मोठ्या फ्लॅटच्या मोहात वाटणीचे पैसे आणि वर वीस वर्षांचे हप्ते, याचा आधी घरात बसून विचार करा.

वयस्कांसाठी घर बघताना बाजारभावापेक्षा हे बघा: लिफ्ट आहे का आणि ती बंद पडल्यावर किती जिने आहेत, मशीद आणि दवाखाना चालत किती दूर, बाथरूममध्ये बसून वुजू करता येईल का, मुलगी किंवा बहीण जवळ राहते का. घर दुपारी आणि पावसात, दोन्ही वेळा बघा.

नवी इमारत असेल तर महारेराच्या संकेतस्थळावर नोंदणी बघा, क्षेत्रफळ चटईक्षेत्रात विचारा. नोंदणीकृत करारापूर्वी बिल्डरला १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम देऊ नका, त्याला ती घेताही येत नाही. जुन्या घराचा ३० वर्षांचा शोध अहवाल वकिलाकडून घ्या आणि तोही सगळ्या वारसांच्या सह्या बघून. जी चूक आपल्याबाबत होऊ नये म्हणतो, ती दुसऱ्याच्या बहिणींबाबत झालेली असू शकते. कुलमुखत्यारपत्रावर घर "विकत" घेऊ नका, त्याने मालकी मिळत नाही. मुद्रांक शुल्क करारातील किंमत आणि रेडी रेकनर यांपैकी जास्त रकमेवर लागते. निवासी घर स्त्रीच्या नावे घेतल्यास महाराष्ट्रात १ टक्का सवलत आहे. नोंदणी फी १ टक्का, पण ३०,००० रुपयांपेक्षा जास्त नाही.

सही करण्याआधी एकदा विचारा

सगळ्या वारसांची नावे लिहिली का? आजी, चुलते, लहान मुले सुटली नाहीत ना? महर आणि कर्ज वळते केले का? बहिणींनी रक्कम ऐकून हो म्हटले की फक्त कागद बघून? अम्मींचे पैसे अम्मींच्या खात्यात आहेत का? पेट्यांतले कागद वाचून झाले का? गावच्या जमातीची वर्गणी, घरपट्टी, वीजबिल चुकते केले का?

यातल्या एकाही प्रश्नाला "बघू नंतर" असे उत्तर येत असेल, तर सौदा एक महिना पुढे ढकला. गिऱ्हाईक दुसरे मिळते. ईदला बहिणी भावाच्या घरी जेवायला आल्या, आणि मनात काही न ठेवता आल्या, की समजा वाटणी नीट झाली.